पवनचक्कीखालचा फोटो

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पॅरिसच्या मूलाँ रूज नाचघरासमोरचा तुझा फोटो मिळाला. 'बाबांना दाखवू नकोस' म्हणालीस, पण माझ्याआधी त्यांनीच पाहिला. म्हणाले, ''चक्की छान आहे. दळतात का तिथे?'' तिथे दाणासुद्धा कधी दळला गेला नाही. 1889 साली, आयफेल टॉवर झाला त्याच वर्षी, ओलेर आणि झिडलर या दोघांनी मोंमार्त्र टेकडीच्या पायथ्याशी हे नाचघर काढलं, त्याच्यावरची ती शोभेची चक्की. एप्रिल 2024 मध्ये एका रात्री तिची पाती कोसळली होती. आता नवी बसवली आहेत म्हणे, तरी तू खाली उभी राहत जाऊ नकोस.

दोन दिवस याच्यावरच वाचत बसले होते. तिथला प्रसिद्ध कॅनकॅन नाच त्या नाचघराहून किती जुना! 1830 च्या आसपास पॅरिसच्या साध्या नाचघरांत पोरंपोरी जोडीनं नाचायची, आणि नाच रंगात आला की मनाला येईल तशा तंगड्या उडवायची. पुरुषसुद्धा, बरं का. पुढे मूलाँ रूजमध्ये त्याचा धंदा झाला. एक पाय हातानं डोक्यापर्यंत धरून दुसऱ्यावर गिरक्या घ्यायच्या, मग उडी मारून दोन्ही पाय फाकवून थेट जमिनीवर. नुसतं वाचून माझे गुडघे दुखले.

तिथली राणी म्हणजे लुईझ वेबर, एका परटिणीची पोर. गिऱ्हाइकांचे पेले उष्टे-बिष्टे न बघता रिकामे करायची, म्हणून नाव पडलं 'ला गुल्यू', म्हणजे खादाड. पायाच्या अंगठ्यानं समोरच्या साहेबाची टोपी उडवायची. 1891 साली चित्रकार तुलूझ-लोत्रेकनं तिचं पोस्टर काढलं आणि ती गावभर झाली. 1895 मध्ये मात्र तिनं ते नाचघर सोडलं, जत्रेत स्वतःचा तंबू लावला. त्याचे पडदेही लोत्रेकनंच रंगवून दिले. धंदा काही चालला नाही. म्हातारपणी ती मूलाँ रूजच्याच आसपास शेंगदाणे आणि सिगारेटी विकायची. 1929 मध्ये गेली. तू फोटोत उभी आहेस, तो फुटपाथ तिच्या पायाखालचा असणार.

तिच्या तंबूचे ते पडदे एका व्यापाऱ्यानं तुकडे करून विकले होते. पुन्हा जोडलेले आता ऑर्से संग्रहालयात आहेत. गेलीस की जवळ जाऊन बघ, सांधे दिसतात का, आणि मला कळव.

तुझी,
आई