नऊ गावं नकोत, चार मुक्काम पुरेत

ठाणे, रविवार

ती. आई आणि बाबा यांना,
सा. न. वि. वि.

फोनवर ठरलेलं दुसऱ्या दिवशी बदलतं आणि व्हॉट्सॲपवरचं बाबांना सापडत नाही, म्हणून दक्षिण आफ्रिकेचं सगळं एकदाच कागदावर लिहून पाठवतेय. छापून फाइलला लावा.

बाबा, तुम्ही लाल पेनाने खुणा केलेलं माहितीपत्रक वाचलं. बारा दिवसांत नऊ गावं, वर क्रुगरचं अभयारण्य आणि व्हिक्टोरिया धबधबा. धबधबा आधी काढून टाका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झांबेझी नदीला पाणी सर्वांत कमी असतं, झांबियाच्या बाजूला तर बराचसा कडा कोरडाच दिसतो. शिवाय तो दुसऱ्या देशात, म्हणजे व्हिसाचं वेगळं प्रकरण. क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं आणि त्याच सुमारास तिथे पाऊस सुरू होतो, म्हणजे तुमच्या रोजच्या गोळ्यांत आणखी एकीची भर. केप टाउन आणि त्याच्या पूर्वेचा किनारा मलेरियामुक्त आहे. आपण तेवढंच करायचं.

दर वेळी गाव बदललं की अर्धा दिवस जातो. खोली सकाळी दहाला सोडायची, पुढची दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही, आणि मधल्या वेळात बॅगा गाडीत. तिथे बॅगा दिसणारी उभी गाडी म्हणजे चोराला आमंत्रण, त्यामुळे वाटेत मनासारखं उतरताही येत नाही. म्हणून चारच मुक्काम: केप टाउन पाच रात्री, स्टेलनबॉश तीन, हर्मेनस तीन, विल्डरनेस दोन. परतताना जोहान्सबर्गला विमानतळाजवळ एक रात्र.

आई, तारखांचं तुझ्या मनासारखं होतंय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचं आणि वसुबारसेच्या आत घरी. घट घरचेच, फराळाला मात्र घाई होईल, चकल्या विकतच्या आणू. तिथले ऋतू आपल्या उलट, त्यामुळे तेव्हा वसंत असतो: दुपारी वीस-बावीस अंश, सकाळी दहा-बारा. केपचा पाऊस जून ते ऑगस्टमधला, तोवर तो ओसरलेला असतो. वेळेचा फरक साडेतीन तासांचाच, त्यामुळे झोपेचं आणि गोळ्यांचं गणित फारसं बिघडत नाही.

आता तिकीट. हा भाग नीट वाचा, कारण सगळ्यात महागडी चूक इथेच होते. मुंबईहून आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे तिकीट बरेचदा स्वस्त दिसतं. इथिओपिया आणि केनिया हे दोन्ही पीतज्वराचे (यलो फीव्हरचे) देश आहेत. तिथे विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबलं तर दक्षिण आफ्रिका लसीचं प्रमाणपत्र मागते. भारतात परतताना नियम आणखी कडक: अशा देशातून आलेल्या माणसाकडे प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. विमानतळाबाहेर पाऊल न टाकणाऱ्याला सूट मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याच्या संमतीवर. ही लस साठीनंतर पहिल्यांदा घेतली तर गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो, म्हणून चार पैसे वाचवायला ती टोचून घेणं मला पटत नाही. दुबई किंवा दोहामार्गे गेलं की हा प्रश्नच येत नाही, कारण दोन्हीकडून केप टाउनला थेट विमान आहे. दुबईपर्यंत सव्वातीन तास आणि पुढे साडेनऊच्या आसपास.

तिकीट ‘मुंबई ते केप टाउन’ आणि ‘जोहान्सबर्ग ते मुंबई’ असं एकाच आरक्षणात काढायचं. किनाऱ्याने पूर्वेकडे जायचं आणि विल्डरनेसजवळच्या जॉर्ज गावाहून देशांतर्गत विमानाने जोहान्सबर्ग गाठायचं, म्हणजे आलेला रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही. जॉर्जचं तिकीट वेगळं असल्याने ते विमान चुकलं किंवा उशिरा आलं तरी पुढची कंपनी थांबत नाही. जोहान्सबर्गची ती एक रात्र त्यासाठीच. आणि बाबा, तिकिटावर विमानतळाचा कोड बघायची सवय लावा. मुंबईचा बीओएम, आपल्या उलव्याचा एनएमआय. नेरुळहून उलवे जवळ म्हणून मन तिकडे धावेल, पण जाताना एक आणि येताना दुसरा नको. व्हीलचेअर दोघांसाठी तिकिटाबरोबरच मागतेय. तुम्हाला चालता येतं हे मला ठाऊक आहे, पण दुबईच्या लांबलचक गेटांना ते ठाऊक नाही.

केप टाउनला पाच रात्री कशाला, असं विचारलंत. वाऱ्यासाठी! टेबल माउंटनची केबल कार वारा वाढला की बंद होते, आणि ऑक्टोबर संपताना आग्नेयेचा वारा जोर धरू लागतो. तिथले लोक त्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात, कारण तो शहरावरची दूषित हवा झाडून नेतो. तेव्हा पहिली स्वच्छ, शांत सकाळ मिळाली की बाकी सगळं बाजूला ठेवून डोंगरावर. १९२९ साली सुरू झालेली ही केबल कार आता पासष्ट माणसं नेते आणि तिचा तळ फिरता आहे, त्यामुळे खिडकीसाठी धक्काबुक्की करायची गरज नाही. वरचं स्थानक १,०६७ मीटरवर आहे. आसपास फरसबंद, बऱ्यापैकी सपाट वाटा आहेत, गुडघ्यांना त्रास नाही, पण स्वेटर हवाच.

रॉबेन बेटाचं आरक्षण मुक्कामाच्या दुसऱ्या दिवसाचं करतेय, शेवटच्या नाही. समुद्र खवळला तर बोट रद्द होते आणि हाताशी पर्यायी दिवस लागतो. साडेतीन तासांची फेरी आहे. मंडेला सत्तावीसपैकी अठरा वर्षं ज्या तुरुंगात होते तो तिथेच. आई, तुला बोट लागते, म्हणून गोळी निघण्याआधी अर्धा तास, बोटीत बसल्यावर नाही.

एक पूर्ण दिवस केप पॉइंटचा. आधी पूर्वेकडून सायमन्स टाउन, तिथे बोल्डर्सला लाकडी मार्गिकेवरून पेंग्विन, मग केप पॉइंट, आणि परत येताना पश्चिमेचा चॅपमन्स पीक रस्ता. हाच क्रम, कारण गाडी आपल्यासारखी डावीकडून चालते आणि उत्तरेकडे येताना समुद्रही डावीकडेच असतो. थांबायच्या जागा त्याच बाजूला, रस्ता ओलांडायला नको. नऊ किलोमीटरमध्ये ११४ वळणं आहेत आणि टोल आहे. दरड पडली की हा रस्ता बंद ठेवतात, म्हणून सकाळी चौकशी करूनच निघायचं. केप पॉइंटला दीपगृहाकडे नेणारी छोटी रेल्वे आहे, पण ती जिथे सोडते तिथूनही पायऱ्या आहेत. बाबांनी खालच्या कट्ट्यावर बसावं. हातात खाण्याची पिशवी मात्र नको, तिथली बबून माकडं माथेरानच्या माकडांचे थोरले भाऊ आहेत. गाडीचं दार उघडतातसुद्धा. जाता जाता, दोन महासागर इथे मिळतात ही पर्यटकांची समजूत. ती जागा खरी म्हणजे आणखी आग्नेयेला, केप अगुल्हासला.

स्टेलनबॉश केप टाउनपासून पन्नास किलोमीटर. १६७९ सालचं गाव, रस्त्यांच्या दुतर्फा ओक. मुक्काम गावातच करायचा, द्राक्षमळ्यात नाही. मळ्यातल्या खोलीचं चित्र सुंदर दिसतं, पण रात्री जेवायला अंधारातून गाडी काढावी लागते, आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही हा आपला नियम आहे. गावात पायी जेवून येता येतं.

आई, ‘मी वाइन पीत नाही तर तिथे काय करू’ हा तुझा प्रश्न रास्त आहे. एक दिवस फ्रान्सहूकच्या वाइन ट्रामचा ठेवलाय. फ्रान्सहूक म्हणजे १६८८ च्या सुमारास फ्रान्समधून आलेल्या ह्यूगनॉ, म्हणजे प्रोटेस्टंट, लोकांनी वसवलेलं खोरं. ट्राम आणि बस मिळून मळ्यांतून फिरवतात, हवं तिथे उतरायचं, पुढच्या फेरीने पुढे. गाडी कोणालाच चालवावी लागत नाही. चवीचे पैसे घेणाऱ्यापुरतेच असतात, न पिणाऱ्याने नुसतं बागेत बसलं तरी चालतं. काही ठिकाणी द्राक्षरसही मिळतो. दुसरा दिवस तुझा: सकाळी बाबिलोन्स्टोरेनची भाजी-फळांची आखीव बाग, दुपारी सॉमरसेट वेस्टजवळ व्हर्गेलेगनचा जुना मळा. तिथे वाड्यासमोर तीनशे वर्षांपूर्वी लावलेली कापराची झाडं आहेत. देवापुढे रोज लावतेस त्या कापराचं मूळ झाड. खाली पडलेलं पान चुरगळलं की देवघराचा वास येतो.

बाबांसाठी चवीची रीत. एका बैठकीला चार-पाच वाइन, प्रत्येकी दोन-तीन घोट. दिवसाला दोनच मळे, तिसऱ्याला जिभेला काही कळत नाही. आधी पांढरी, मग लाल, गोड शेवटी. टेबलावरचं भांडं उरलेली ओतायला असतं, त्यात ओतणं म्हणजे अपमान नव्हे. सकाळी अकराची वेळ घ्यायची, पोटात नाश्ता असताना, कारण बहुतेक ठिकाणी दुपारी चार-पाचला आवराआवर होते. पिनोटाज मागा: १९२५ साली अब्राहम पेरोल्ड यांनी स्टेलनबॉशलाच पिनो न्वार आणि सँसो या जातींच्या संकरातून काढलेलं द्राक्ष. रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत किती चालेल ते डॉक्टरांना आधी विचारा. ‘थोडीशी घेतो’ असं नाही, मिलिलिटरमध्ये विचारा. वेलीवर घड मात्र दिसणार नाहीत. तिकडे तेव्हा नुकती पालवी असते, तर नाशिकला त्याच सुमारास गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची गडबड. गंमत म्हणजे ऋतू उलटे असूनही तोडणी दोन्हीकडे साधारण जानेवारी ते मार्चमध्येच येते, कारण आपण छाटणी करून हिवाळ्यात फळ घेतो आणि ते उन्हाळ्यात.

हर्मेनसला गॉर्डन्स बेवरून किनाऱ्याने जायचं. आतला महामार्ग जवळचा आहे, पण क्लॅरेन्स ड्राइव्ह हा किनाऱ्याचा रस्ता चुकवण्यासारखा नाही. सदर्न राइट जातीचे देवमासे साधारण जून ते नोव्हेंबर तिथल्या खाडीत पिल्लांसह असतात आणि काठावरच्या पायवाटेवरूनच दिसतात. बोटीचे पैसे वाचले, आईची गोळीही. सकाळी वारा नसताना बघायचं, लाटांना फेस आला की डोळ्यांना काही कळत नाही.

हर्मेनस ते विल्डरनेस हाच एक लांबचा दिवस, साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. आठला निघून स्वेलेनडॅमला थांबा, मॉसेल बेला जेवण. १४८८ साली पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेऊ डायस उतरला तो हाच किनारा. विल्डरनेसला काही ‘बघायचं’ नाही, लांबच लांब वाळू आहे. जॉर्ज विमानतळ तिथून अर्ध्या तासावर.

गाडी मीच चालवणार. आपलं इंग्रजीतलं लायसन्स तिथे चालतं. ऑटोमॅटिक हवी असं स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर गिअरची येते. विम्यात काच आणि टायर धरलेत का ते बघतेय, साध्या विम्यात ते बहुधा नसतात. अनामतीसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. तिथे सिग्नलला ‘रोबोट’ म्हणतात, कोणी ‘रोबोटला डावीकडे’ म्हटलं तर दचकू नका. गाडी रिमोटने बंद केली तरी दार हाताने ओढून बघायचं. रिमोटची लहर अडवून दार उघडंच राहील असं करणारे भामटे असतात.

सामानात एक गोष्ट इथून न्यायची: गीझरला लावतो तो मोठा तीन पिनांचा प्लग जोडलेला एक्स्टेंशन बोर्ड. तिथल्या भिंतीत तोच बसतो, दाबही २३० व्होल्ट. मोबाइलचे सगळे चार्जर त्या बोर्डावर. मेतकूट, भाजणी, थालीपिठाचं पीठ चालेल. तूप, पेढे, मध आणि पेरण्यासारख्या बिया नकोत, तिथले कस्टमवाले त्याबाबत काटेकोर आहेत. खोल्या स्वयंपाकघरासह घेतल्यात, कुकर छोटा आण. परतताना दारू माणशी दोन लिटर शुल्कमुक्त, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या, आणि त्या मोठ्या बॅगेतच. औषधं मात्र हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटांसह, आणि घटक नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी जोडून. विम्याच्या अर्जात बाबांचा रक्तदाब आणि तुझं थायरॉइड दोन्ही लिहा. लपवलं तर दावा तिथेच अडतो.

पासपोर्टमध्ये दोन कोरी पानं आणि परतीनंतर किमान तीस दिवसांची मुदत लागते. बाबांचा पासपोर्ट मागच्या वेळी पाहिला तेव्हा भरत आला होता. पानं मोजून आज रात्रीच कळवा. कमी असतील तर येत्या आठवड्यात नव्यासाठी अर्ज करू, आणि पुढच्या रविवारी मी नेरुळला येईन तेव्हा दोघांचे फोटो तयार ठेवा, पांढऱ्या पार्श्वभूमीचे.

तुमची,
ताई