पाणबुडी बचावाचा सराव भर पावसाळ्यातही व्हावा : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

अपघातात सापडून तळाशी बसलेल्या पाणबुडीतून माणसे जिवंत वर आणणारी स्वतःची यंत्रणा भारताकडे 2018 पासून आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. त्याआधी अशा प्रसंगी आपल्याला अमेरिकी नौदलाच्या मदतीवर विसंबावे लागले असते. आज डीएसआरव्ही हे खोल पाण्यात उतरून माणसे वर आणणारे बचाववाहन मुंबईत एक आणि विशाखापट्टणमला एक, असे दोन्ही किनाऱ्यांवर आहे. जुलै 2025 मध्ये आयएनएस निस्तार हे त्याचे वाहक जहाज नौदलात दाखल झाले आणि सप्टेंबरमध्ये सिंगापूरला झालेल्या ‘पॅसिफिक रीच’ या बहुराष्ट्रीय बचाव सरावात त्याने भागही घेतला. हे सारे जमेस धरूनच आपल्याकडे एक मागणी करतो : मुंबईच्या बचाव पथकाचा एक संपूर्ण सराव पूर्वसूचना न देता, भर पावसाळ्यात आणि ऐनवेळी ताब्यात घेतलेल्या एखाद्या व्यापारी जहाजावरून घेण्याचा आदेश आपण द्यावा.

मुंबईचाच आग्रह धरण्याचे कारण समुद्राच्या तळात आहे. एप्रिल 2021 मध्ये इंडोनेशियाची नांगाला ही पाणबुडी बालीच्या उत्तरेस बुडाली, तेव्हा भारताने विशाखापट्टणमहून आपले बचाववाहन तातडीने रवाना केले होते. पण ती 800 मीटरपेक्षा खोल गेली होती, आणि तळाशी पोहोचण्यापूर्वीच पाण्याच्या दाबाने तिचे तुकडे झाले होते. तिच्यावरील 53 जणांसाठी जगातले कोणतेही पथक काही करू शकले नसते. मुंबईसमोर मात्र उथळ तळ किनाऱ्यापासून सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे आणि त्या पट्ट्यात खोली बहुतेक ठिकाणी दोनशे मीटरच्या आत आहे. आपले वाहन 650 मीटरपर्यंत उतरते. म्हणजे या पाण्यात पाणबुडी तळाला टेकली, तर तिचे कवच शाबूत राहण्याची आणि आतली माणसे मदतीची वाट पाहत जिवंत असण्याची शक्यता खरोखर मोठी आहे. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गातील पाणबुड्यांचा वावर याच पाण्यातून असतो आणि मच्छीमारांचाही. नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या किनाऱ्यापासून सुमारे 70 सागरी मैलांवर मार्थोमा ही मासेमारी नौका आणि आपली एक पाणबुडी यांची टक्कर झाली. नौकेवरच्या 13 जणांपैकी दोघांचा जीव गेला. पाणबुडी बुडाली नाही, पण धोका कोणत्या दिशेने येऊ शकतो हे त्या दिवशी दिसले.

जगाचा अनुभव सांगतो की अशा वेळी सारा खेळ तासांचा असतो. ऑगस्ट 2000 मध्ये रशियाची कुर्स्क केवळ 108 मीटरवर पडली होती. स्फोटांतून वाचलेले 23 जण मागच्या कप्प्यात जमले होते. रशियाच्या वाहनांना हॅचवर, म्हणजे पाणबुडीतून बाहेर पडण्याच्या झाकणावर, नीट बसता येईना आणि परदेशी मदत स्वीकारायला चार दिवस लागले. नॉर्वेच्या गोताखोरांनी हॅच उघडले तेव्हा आत कोणीही जिवंत नव्हते. ते 23 जण काही तासच तग धरू शकले असावेत असे पुढे तपासातून दिसले, पण बाहेर थांबलेल्यांना त्या वेळी ते कळण्याचा मार्ग नव्हता. पाच वर्षांनी कामचट्काजवळ प्रिझ ही छोटी रशियन पाणबुडी केबल आणि मासेमारीच्या जाळ्यांत अडकली, तेव्हा रशियाने ताबडतोब हाक दिली, ब्रिटनने स्कॉर्पिओ हे दूरनियंत्रित यंत्र विमानाने पाठवले, त्याने जाळी कापली आणि सातही जण वर आले. आत अगदी थोड्या तासांची हवा उरली होती.

खाली उतरण्याचे काम आपले नौसैनिक उत्तम जाणतात. वाहनाचा खालचा घेर हॅचभोवतीच्या सपाट कड्यावर टेकवायचा, आतले पाणी उपसायचे, मग बाहेरच्या पाण्याचाच दाब दोन्ही यानांना घट्ट धरून ठेवतो आणि झाकण उघडता येते. एका फेरीत 14 जण येतात. कलवरी वर्गावर साधारण 43 जण असतात, म्हणजे चार फेऱ्या. माझी काळजी त्याआधीच्या तासांची आहे, म्हणजे वाहक जहाज जवळ नसताना ही यंत्रणा मिळेल त्या जहाजावर चढवण्याच्या. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या पुरवठा जहाजांवर अभियंता म्हणून माझी सारी नोकरी झाली, त्यामुळे डेकवरचे काम मी जवळून पाहिले आहे. जड यंत्रणा जहाजावर चढवणे म्हणजे क्रेनने ठेवून दोर आवळणे एवढेच नव्हे. डेकखालच्या फ्रेम नेमक्या कोठे आहेत हे नकाशावर पाहून पाया वेल्ड करावा लागतो, खालच्या टाकीत डिझेल असेल तर आधी ती रिकामी करून वायूमुक्त करावी लागते, आणि जहाजाचे वीज कनेक्शन यंत्रणेला जुळले नाही तर वेगळा जनरेटर चढवावा लागतो. नकाशा हाताशी नसेल तर यातच अर्धा दिवस जातो. पावसाळ्यात याच्या जोडीला लाटा असतात : आषाढातल्या खवळलेल्या समुद्रात वाहन पाण्यात सोडणे कठीण, आणि हेलकावणाऱ्या डेकवर ते परत उचलून घेणे त्याहून कठीण.

म्हणून सरावाचे घड्याळ धोक्याच्या पहिल्या संदेशापासून सुरू व्हावे आणि पहिला माणूस डेकवरच्या दाबकक्षात (दाब हळूहळू कमी करणाऱ्या बंद खोलीत) पोहोचेपर्यंत चालावे. दाबकक्षाचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण पाणी शिरलेल्या पाणबुडीत हवेचा दाब वाढतो आणि तेथून आलेल्या माणसाला थेट मोकळ्या हवेत आणले तर तो दगावू शकतो; नौदलाचे डॉक्टरही घटनास्थळी जाणाऱ्या पहिल्या बोटीतच हवेत. मुंबई हायच्या परिसरात काम करणाऱ्या योग्य जहाजांचे डेकचे नकाशे, वीजजोडण्या आणि क्रेनची क्षमता नौदलाकडे आगाऊ नोंदलेली असावी आणि त्यांच्या मालकांशी करार तयार असावेत. खर्च लागेल, पण यंत्रणेच्या किमतीपुढे तो किरकोळ आहे. सरावाला लागलेला एकूण वेळ संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे ठेवावा. गोपनीयतेसाठी तपशील बंद लिफाफ्यात राहिले तरी चालतील, मात्र तो आकडा दर वर्षी कोणीतरी विचारायला हवा.

येत्या जूनपूर्वी हा आदेश निघाला, तर याच पावसाळ्यात पहिला सराव होऊ शकेल.

आपला नम्र,
मुंबई हायच्या जहाजांवरून निवृत्त झालेला एक सागरी अभियंता
उरण, जि. रायगड