शिक्षकाची तयारीही त्याच पद्धतीने व्हायला हवी

महोदय,

वेगळ्या वाटेने शिकवणाऱ्या शाळांबद्दल जे लिहिले जाते, ते बहुधा मुले आणि साधने यांच्यापाशी थांबते. परीक्षा नाहीत, घंटा नाही, मुले चटईवर आपापल्या कामात गढलेली आहेत, असे वर्णन वाचून अनेक संस्था साधने विकत घेतात, बाके हलवतात आणि काही महिन्यांत वर्ग पुन्हा पहिल्यासारखा होतो. कारण त्या वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाची तयारी जुन्याच रीतीने झालेली असते. मुलांपुढे व्याख्यान देऊ नका, हे त्याला सभागृहात बसवून व्याख्यानातूनच सांगितलेले असते. ज्या पद्धतीने शिकवायचे, त्याच पद्धतीने शिक्षकाचे स्वतःचे शिक्षण व्हायला हवे. त्यासाठी नेमके काय करावे लागते, ते मांडण्यासाठी हे पत्र.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये एका साध्या पण मोलाच्या गोष्टीकडे लक्ष वेधले. शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थ्याचे सुमारे १३,००० तास शिक्षकांसमोर गेलेले असतात. म्हणजे प्रशिक्षणाला येणारा प्रत्येक जण शिकवणे आधीच पाहून आलेला असतो, पण फक्त समोरून. हा प्रश्न आत्ता का विचारला, तो मुद्दा आज का सोडला, त्या मुलाला मुद्दाम का वाट पाहायला लावली, यामागचा विचार विद्यार्थ्याच्या बाकावरून दिसत नाही. त्यामुळे वर्गात गलका वाढला, की नवा शिक्षक आवाज चढवतो आणि फळ्यावरचे उतरवून घ्यायला सांगतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. अडचणीच्या क्षणी अंगवळणी पडलेलेच बाहेर येते, आणि इतकी जुनी सवय दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेने मोडत नाही.

मॉन्टेसरी पद्धतीचेच पाहा. लाकडी ठोकळ्यातल्या दहा खाचांत बसणारे दहा दट्टे, हे तिथले अगदी सुरुवातीचे साधन. ‘चूक झाली तर साधनच दाखवते, शिक्षकाने सांगायची गरज नाही,’ हे वाक्य प्रशिक्षणार्थी वहीत उतरवून घेतो. पण असे चार ठोकळे असतात आणि चूक प्रत्येकात सारखी दिसत नाही. उंची तीच आणि जाडी बदलणारी असेल, तर बारीक दट्ट्या रुंद खाचेत डुगडुगतो आणि शेवटी एक जाड दट्ट्या हातात उरतो; मूल आपोआप मागे वळते. जाडी तीच आणि उंची बदलणारी असेल, तर कोणताही दट्ट्या कोणत्याही खाचेत जातो. चूक कळते ती फक्त वर डोकावणाऱ्या किंवा खोल गेलेल्या टोकावरून. गुलाबी मनोऱ्यात तर चूक अडतच नाही. १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंतचे दहा घन. क्रम चुकला तरी मनोरा उभा राहू शकतो, तो फक्त डोळ्याला खटकतो. हा फरक ज्याने स्वतः चटईवर बसून अनुभवलेला नाही, तो मनोऱ्यापाशी गोंधळतो आणि ‘नीट बघ बरं’ म्हणून बोट दाखवतो. साधनाचे काम तिथेच संपते.

म्हणून प्रत्येक साधन मुलापुढे मांडून दाखवण्याची कृती प्रशिक्षणार्थ्याने आधी पाहावी, मग मार्गदर्शकासमोर करावी, मग सहकाऱ्यासोबत हात बसेपर्यंत करत राहावी आणि त्यानंतर पायऱ्या स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या हाताने लिहाव्यात. छापील टिपणे वाटली, की हा शेवटचा टप्पा बुडतो. सरावात एक चूक हमखास दिसते: हात चालू असताना तोंडही चालू असते. मूल एक तर हाताकडे पाहते किंवा चेहऱ्याकडे. हाताची कृती शब्दांशिवाय पुरी करणे बोलक्या माणसाला फार जड जाते आणि ते सरावानेच येते.

शब्द शिकवताना तीन टप्प्यांचा पाठ वापरतात. त्याचे मूळ एदुआर सेगँ या फ्रेंच वैद्यांच्या कामात आहे. दोन ठळक वेगळ्या वस्तू घ्यायच्या. पहिला टप्पा: ‘हा जाड, हा बारीक.’ दुसरा: ‘जाड दट्ट्या माझ्या हातात दे. बारीक तिकडे ठेव.’ तिसरा: ‘हा कसा आहे?’ यातला दुसरा टप्पा सर्वांत लांब चालायला हवा, कारण तिथे मूल शब्द ऐकते, ओळखते, हालचाल करते, पण त्याला अजून शब्द आठवून बोलावा लागत नाही. नेहमीचा शिक्षक मात्र पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जातो. सांगितले, की लगेच विचारले. तिसऱ्या टप्प्यात मूल अडले, तर ‘चुकलं’ न म्हणता मागच्या टप्प्यावर जायचे किंवा पाठ तिथेच थांबवायचा.

याहून दुर्लक्षित राहते ते निरीक्षण. शिकवायला सुरुवात करण्यापूर्वीच ते सुरू व्हावे: एक मूल, वीस ते तीस मिनिटे, बुटकी खुर्ची, एकही शब्द नाही. वहीत तीन रकाने करावेत: वेळ, काय दिसले, आपला अंदाज. ‘कंटाळला’ हे निरीक्षण नव्हे. ‘दट्ट्या हातात धरून तीनदा दाराकडे पाहिले’ हे निरीक्षण. कंटाळला असेल, ही गोष्ट तिसऱ्या रकान्यात. नोंद तिथल्या तिथे करावी. दुपारी आठवून लिहिलेल्या नोंदीत दिसलेले आणि वाटलेले एकजीव होऊन जाते. दुसरी खबरदारी म्हणजे मुलांची यादी आधी ठरवावी, नाहीतर निरीक्षण नेहमी दंगेखोर मुलाचेच होते आणि शांत मूल वर्षभर कुणाला दिसत नाही.

बी.एड.मधल्या सूक्ष्म अध्यापनावर आमचा राग नाही, त्याच्या वापरावर आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ मध्ये ते सुरू झाले तेव्हा कल्पना नेटकी होती: छोटा गट, काही मिनिटे, एकच कौशल्य, लगेच प्रतिसाद आणि सुधारून पुन्हा पाठ. आपल्याकडे रूढ झालेले चक्र ३६ मिनिटांचे आहे: ६ मिनिटे पाठ, ६ प्रतिसाद, १२ फेरनियोजन, ६ पुनर्पाठ, ६ पुन्हा प्रतिसाद. प्रत्यक्षात विद्यार्थी म्हणून वर्गमित्रच बसतात. त्यांना उत्तरे ठाऊक असतात, ते मुद्दाम बरोबर बोलतात आणि पुनर्पाठ बऱ्याचदा कागदावरच होतो. खरा फायदा त्या पुनर्पाठातच आहे. चार-पाच खरी मुले आणावीत आणि तोच तुकडा त्याच दिवशी दुसऱ्या चार-पाच मुलांना पुन्हा शिकवावा. हे जमणार नसेल, तर नुसत्या फाइली भरून घेणे बंद करावे.

एकाच कौशल्यापासून आरंभ करायचा, तर थांबण्यापासून करावा. अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, असे आढळले. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरे लांबली, अधिक मुले बोलू लागली, ‘माहीत नाही’ कमी झाले. थांबण्याच्या जागा दोन आहेत: प्रश्नानंतर आणि मुलाच्या उत्तरानंतर. दुसरी जागा जवळपास सगळेच विसरतात. दहा मिनिटांचा पाठ फोनवर ध्वनिमुद्रित करून हे अंतर स्वतः मोजता येते. मोजताना आणखी दोन सवयी कानावर येतात: शांततेत प्रश्न पुन्हा विचारणे आणि मुलाचे उत्तर मोठ्याने परत म्हणणे. दुसऱ्या सवयीमुळे मुले एकमेकांचे ऐकणे सोडून देतात. सर पुन्हा सांगणारच आहेत! अर्थात प्रश्न थांबण्याजोगा हवा. एका शब्दाच्या उत्तरासाठी तीन सेकंद थांबून काही पदरात पडत नाही.

नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी जपानमधली पाठ-अभ्यासाची रीत आम्हाला सर्वांत व्यवहार्य वाटते. चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ आखतात. आराखड्यात ‘मुले काय म्हणतील’ असा स्वतंत्र रकाना असतो. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज विचारली, तर कोणीतरी दोन पंचमांश म्हणणारच. त्यावर पुढचा प्रश्न कोणता, कागदाची कोणती घडी दाखवायची, हे आधी ठरते. एक जण शिकवतो. बाकीचे ठरवून दिलेल्या मुलांजवळ उभे राहून नोंदी करतात, मदत मात्र करत नाहीत. चर्चेत पहिल्यांदा शिकवणारा बोलतो आणि इतरांनी मुलांनी काय केले तेवढेच सांगायचे. आवाज, हावभाव, साडी-शर्ट यांवर शेरे नकोत. पाहुण्यांपुढे आदल्या दिवशी घोटून घेतलेला ‘आदर्श पाठ’ झाला, की ही रीत मेली.

रुडॉल्फ स्टायनर यांच्या विचारांवर चालणाऱ्या वॉल्डॉर्फ शाळांविषयी थोडेच. मुख्य पाठ तीन-चार आठवडे एकाच विषयाचा आणि वर्गशिक्षक अनेक वर्षे तोच, त्यामुळे त्याला पुस्तक हाती न घेता गोष्ट सांगणे, चित्र काढणे, गाणे यावे लागते. ही तयारी घेण्याजोगी आहे. पण सोबत येणारे स्टायनर यांचे अध्यात्मविचार ही श्रद्धेची बाब आहे, हे प्रशिक्षणार्थ्याला स्पष्ट सांगितले पाहिजे.

उरतो प्रश्न मार्गदर्शकाचा. पदवीधराला काही आठवड्यांच्या तयारीवर थेट वर्गात उभे करणारे मार्ग जगभर निघाले आहेत. अनुभवी शिक्षक त्याच वर्गात सोबत असेल, पहिले काही महिने तासिका कमी असतील आणि जबाबदारी एका छोट्या गटापासून पूर्ण वर्गापर्यंत पायरीपायरीने वाढवली जाईल, तरच त्यांना अर्थ आहे. या मार्गदर्शकाच्या हातात गुण किंवा नोकरी कायम करण्याचा अधिकार देऊ नये. ज्याच्याकडून गुण मिळायचे, त्याला कोणीही आपला फसलेला पाठ दाखवत नाही. मूल्यमापन दुसऱ्याने करावे, आणि मार्गदर्शकाच्या नोंदवहीचे पान प्रशिक्षणार्थ्याच्या परवानगीशिवाय कार्यालयात जाऊ नये.

आपले विश्वासू,
शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रातील काही वाचक