झाला, की झाला नाही?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आमच्या गावी आईने मोबाइलवरून विजेचे बिल भरले. स्क्रीनवर ‘व्यवहार पूर्ण झाला’ एवढी अक्षरे आणि पुढे तीन टिंबे दिसली, म्हणून तिने समाधानाने फोन बाजूला ठेवला. आठवड्याने थकबाकीचा निरोप आला तेव्हा मी ॲपमधली ती नोंद उघडून पाहिली. पूर्ण वाक्य होते, ‘व्यवहार पूर्ण झाला नाही’. “झाला म्हणून लिवलंय की रे,” असे आई म्हणाली, आणि तिचे काहीच चुकले नव्हते.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. इंग्रजी शब्दांच्या मापाने आखलेल्या एका ओळीच्या चौकटीत मराठी वाक्य बसले नाही की शेपूट कापले जाते, आणि कापला जातो तो नेमका ‘नाही’. त्यात आईला कमी दिसते म्हणून फोनमधली अक्षरे मोठी केलेली आहेत. अक्षरे दुप्पट मोठी केली तरी मजकुरातले काही हरवता कामा नये, हा निकष वेबचे जागतिक मानदंड ठरवणाऱ्या ‘वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्टियम’ या संस्थेच्या सुगम्यता मार्गदर्शिकेत (म्हणजे वृद्ध-अपंगांसह सर्वांना वापरता यावे यासाठीच्या नियमांत) २००८ पासून आहे. चौकट दुसऱ्या ओळीवर वाढू द्यावी आणि ‘बिल भरले गेले नाही’ एवढेच वाक्य वेगळ्या ओळीत द्यावे. त्याखाली खात्यातून पैसे कापले गेले की नाहीत आणि आता काय करायचे, हे साध्या भाषेत सांगावे. काही बिघडले तर त्याचा संदेश सांकेतिक क्रमांकात न देता सोप्या शब्दांत द्यावा आणि त्यात उपायही सुचवावा, हे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९४ मध्येच स्क्रीनच्या रचनेविषयीच्या आपल्या दहा तत्त्वांत मांडले आहे.

ओळीच्या उंचीचेही तसेच आहे. रोमन अक्षरांपुरत्या उंचीच्या बटणात आपला अनुस्वार वरून आणि उकार खालून छाटला जातो.

शब्दांविषयी मला अधिक वाईट वाटते. एका ॲपमध्ये खात्यातील शिलकेला ‘संतुलन’ म्हटलेले मी पाहिले, तर दुसऱ्यात गॅस सिलिंडर नोंदवण्याच्या बटणावर ‘पुस्तक’ असे लिहिले होते. एकेक इंग्रजी शब्द संदर्भाविना यंत्रापुढे टाकला की असेच होणार. ‘शिल्लक’ हा शब्द सुचत नसेल तर ‘बॅलन्स’ ठेवावा. तो आमच्याकडे भाजीवालीलाही कळतो.

सीमाभागात आणखी एक अडचण येते. काही ॲपमध्ये राज्य म्हणून कर्नाटक निवडले की भाषांच्या यादीतून मराठीच गळते. आमच्या घरी आई फक्त देवनागरी वाचते, कन्नड तिला ऐकून कळते पण लिपी येत नाही, आणि पुतण्या कन्नड माध्यमात शिकतो. फोन मात्र एकच. भाषेचा संबंध राज्याशी न जोडता वापरणाऱ्याशी जोडला पाहिजे. ती निवडण्याची सोय पहिल्याच स्क्रीनवर असावी आणि प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत लिहावे, कारण इंग्रजीतल्या सेटिंगमध्ये शिरून मराठी शोधायला आधी इंग्रजी यावे लागते. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतील कन्नड बांधवांनाही हीच सोय मिळायला हवी.

हे दोष शोधायला मोठा खर्च येत नाही. पाच जणांच्या हाती ॲप दिले तरी वापरातील बहुतेक अडचणी उघड्या पडतात, असे नील्सन यांनीच २००० मध्ये दाखवून दिले होते. अट एवढीच की शेजारी बसणाऱ्याने मदत न करता पाहत राहावे, आणि त्या पाच जणांत साठी ओलांडलेले व उन्हात फोन वापरणारे असावेत. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे. परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना असे प्रकल्प द्यावेत आणि त्यांना निपाणी, खानापूर, येळ्ळूर येथे लोकांच्या शेजारी नेऊन बसवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अशा चाचणीला बसायला आमची आई केव्हाही तयार आहे.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)