वर्गणीवर चालणारे सर्व्हर

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ऑनलाइन गेमवर लेख आला होता, त्यात प्रायव्हेट सर्व्हरचा उल्लेख दोनदा आहे आणि दोन्ही वेळा व्हायरस, चोर नि वाया गेलेली पोरं यांच्याच पंगतीला. आमच्या सौ.ने तो लेख कापून फ्रिजवर चिकटवलाय, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. मी अडतीस वर्षांचा माणूस, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोजचे दोन तास घालवतो, आणि आठेक वर्षं फुकटच्या सर्व्हरवर नि पाच-सहा वर्षं पैसे भरून ऑफिशियलवर, म्हणजे कंपनीच्याच सर्व्हरवर, खेळलोय, म्हणजे दोन्हीकडचं पाणी प्यायलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑनलाइन गेमचे दोन भाग असतात, एक तुमच्या कॉम्प्युटरवर, दुसरा सर्व्हरवर, आणि कोण कुठे उभाय, कोणाकडे किती सोनं, कोणता राक्षस मेला हे सगळं त्या सर्व्हरच्या वहीत लिहिलेलं असतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेममध्ये कंपनीच्या सर्व्हरवर खेळायचे महिन्याला पंधरा डॉलर, २००४ ला गेम आला तेव्हापासून. मग काही हुशार लोकांनी गेम सर्व्हरशी काय बोलतो ते बघून बघून तो दुसरा भाग स्वतःच लिहून काढला, २००५ पासून मँगोस नावाचा असा एक प्रोग्राम आहे, कोणीही डाउनलोड करा नि आपला सर्व्हर चालू करा, यालाच प्रायव्हेट सर्व्हर म्हणतात. खेळणाऱ्याचं काम त्याहून सोपं, गेमच्या फोल्डरमध्ये रिअल्मलिस्ट नावाची एक छोटी फाइल असायची, ती नोटपॅडमध्ये उघडायची, कंपनीचा पत्ता खोडून यांचा टाकायचा, सेव्ह. एका ओळीचा मामला. कायद्यात बसतं का, तर नाही बसत, गेम कंपनीचा आहे, त्यावर मी वकिली करत नाही.

पण २००७ ला मी इंजिनिअरिंगला होतो, कर्वेनगरात चौघांत एक खोली. डॉलर तेव्हा चाळीसच्या आसपास, म्हणजे महिन्याचे सहाशे, आणि मेसचा डबा हजाराला. बरं समजा पंधरा दिवस वडापाववर काढले असते, तरी पैसे भरायचे कशाने, आमच्या कोणाच्याच घरी क्रेडिट कार्ड नव्हतं. बीएसएनएलचा पाचशेचा प्लॅन होता, त्यात रात्री दोन ते सकाळी आठ डेटा मोजायचे नाहीत, म्हणून दोनचा अलार्म लावून आळीपाळीने एका पीसीवर बसायचो, आणि पाचला मालक पाणी भरायला उठले की स्क्रीन बंद करून सगळे घोरायला लागायचो. त्या सर्व्हरवर रशियातली पोरं होती, ब्राझीलची होती, सगळी आमच्यासारखीच कार्ड नसलेली. जो गिऱ्हाईक होऊच शकत नव्हता त्याने कंपनीचं नेमकं किती बुडवलं हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. उलट नोकरी लागल्यावर पहिलं काय केलं तर गेम विकत घेऊन महिन्याचे पैसे सुरू केले, चटक तिकडेच लागलेली ना.

पुणेकराला प्रायव्हेट सर्व्हर समजून घ्यायचा असेल तर गल्लीतलं गणपती मंडळ डोळ्यासमोर आणा. प्रवेश फुकट, खर्च वर्गणीतून. चार-पाच कार्यकर्ते रात्रीचा दिवस करतात, पगार कोणी देत नाही, आणि त्यातला एक असा असतो की सगळं मंडळ त्याच्या जिवावर, तो नोकरीला बेंगळुरूला गेला की पुढच्या वर्षी मांडवच पडत नाही. हिशोब विचारला की तोंडं वाकडी. आणि घसघशीत पावती फाडणाऱ्याला वेगळी रांग, म्हणजे इथे डोनेशन टाकलं की जी तलवार मिळवायला तुम्हीआम्ही तीन महिने घासतो ती थेट मेलबॉक्समध्ये येऊन पडते. काही मंडळं सोन्यासारखी असतात, काही नुसती वर्गणीसाठीच बसवलेली. २०१० मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने असाच एक वॉरक्राफ्टचा सर्व्हर चालवणारीला ८ कोटी ८० लाख डॉलर भरायला लावले, त्यात डोनेशनच्या नावाखाली गोळा केलेलेच ३० लाखांच्या वर होते. डॉलर हां, रुपये नाही. याला हौस म्हणत नाहीत.

माझी वर्गणी पण बुडालीये. २०११ मध्ये एका सर्व्हरला मित्राच्या कार्डावरून दोन हजार पाठवले, माझं कॅरेक्टर, म्हणजे गेममधला माझा माणूस, होता एक बुटका, लाल दाढीवाला, नाव भाऊसाहेब, दीड वर्ष पोसलेला. एका सोमवारी लॉगिन केलं तर सर्व्हर सापडेना. मंगळवारी वेबसाइट पण गेली. कोणाकडे जाणार, ग्राहक मंचात जाऊन सांगू का की साहेब, माझा भाऊसाहेब हरवला?

हे झालं वाईट, पण लेखात जे अजिबात नाही ते पण छापा. नॉस्टॅलरियस नावाचा एक फुकट सर्व्हर होता, फेब्रुवारी २०१५ ला सुरू झाला, तिथे वॉरक्राफ्ट अगदी जसा सुरुवातीला होता तसाच जुना खेळायला मिळायचा, कारण कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर तो गेम उरलाच नव्हता, अपडेटवर अपडेट येऊन पार बदललेला. चालवणारे म्हणायचे दीड लाख लोक नियमित खेळतात. कंपनीच्या वकिलांची नोटीस आली आणि १० एप्रिल २०१६ ला बंद. मग जुना गेम परत आणा म्हणून दोन लाखांच्या वर सह्या झाल्या. गंमत बघा, २०१३ मध्ये ब्लिझार्डच्याच, म्हणजे वॉरक्राफ्टच्या कंपनीच्या, मोठ्या माणसाने भर कार्यक्रमात प्रश्न विचारणाऱ्याला सांगितलं होतं की तुम्हाला जुना गेम हवा असं वाटतं फक्त, खरं तर नकोय. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने तोच जुना गेम क्लासिक नावाने स्वतः आणला, नि पहिल्या रात्री आत शिरायला तासन्‌तास लाइन. मी पण होतो त्या लाइनमध्ये, पैसे भरून, लॅपटॉपवर आकडा कमी होतोय का बघत जेवलो. लोकांना काय हवंय हे कंपनीला मंडळवाल्यांनी दाखवून दिलं.

मग मी आता ऑफिशियलवर का, तर सकाळी उठल्यावर कॅरेक्टर जिथे ठेवलं तिथेच असतं एवढ्यासाठीच. बाकी तिकडे पण सगळं गोड नाही. पुण्यातून युरोपच्या सर्व्हरला माझा पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या खाली येत नाही, मी मारलेला वार पोचेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो. पैसे टाकून गेममधल्या वस्तू घ्यायचं दुकान तिकडेही आहेच. ऑक्टोबर २०२१ ला रिझर्व्ह बँकेचा ऑटो-डेबिटचा नवीन नियम आला तेव्हा माझं परदेशी पेमेंट अडकलं, खिशात पैसे असून बाहेर उभा. आणि एका ऑफिशियल गेममध्ये, नाव नको, तक्रारीला अकराव्या दिवशी जे उत्तर आलं त्यात माझ्या तक्रारीचा एक शब्द नव्हता.

शिवाय पैसे भरले म्हणजे गेम तुमचा झाला असंही समजू नका, अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर राहतो तसंच ते, फक्त इथे आधी नोटीस नि डिपॉझिट परत असलं काही मिळत नाही. युबिसॉफ्टचा द क्रू हा गाड्यांचा गेम लोकांनी पूर्ण किंमत देऊन घेतला होता, ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले तर एकट्याने खेळायचा भाग पण चालेना. त्यावरून विकलेले गेम असे बंद पाडू नका म्हणून युरोपात मोहीम झाली, दहा लाखांच्या वर सह्या पडल्या. याच्या उलट सिटी ऑफ हिरोजचं बघा, २०१२ ला कंपनीने गेम बंद केला, चाहत्यांनी चोरून जिवंत ठेवला, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच कंपनीने त्यातल्या होमकमिंग नावाच्या सर्व्हरला रीतसर लायसन्स दिलं. माझं म्हणणं एवढंच आहे, जो गेम कंपनीला चालवायचाच नाही तो चालवणाऱ्याला परवाना द्या, आणि जो कंपनी अजून नीट चालवतेय त्याचे पैसे भरा. सगळ्यांना एकाच काठीने हाणू नका.

आईबापांसाठी एक. ऑगस्ट २०२५ ला पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदीचा कायदा आल्यापासून गेमसाठी पैसे म्हटलं की घरात जुगाराचाच विषय निघतो, पण महिन्याची फी भरून खेळणं म्हणजे जुगार नाही, त्या कायद्याने पण ते वेगळंच ठेवलंय. माझा भाचा सातवीत, माइनक्राफ्ट खेळतो. आता माइनक्राफ्टचा सर्व्हर घरी चालवायचा प्रोग्राम मोजांग, म्हणजे गेमची कंपनी, स्वतःच फुकट देते, त्यात चोरी काहीच नाही, तेव्हा फुकट म्हणजे बेकायदा हेही खरं नाही. पण हा ज्या सर्व्हरवर जायचा तो गेम विकत न घेतलेल्यांना पण आत घेणारा, ऑफलाइन मोडवाला, तिथे कंपनी तुम्हाला ओळखतच नाही, कोणीही कोणाच्याही नावाने येऊ शकतो, म्हणून सर्व्हरवाला आत गेल्या गेल्या चॅटमध्ये पासवर्ड टाइप करायला लावतो. मी शेजारी बसलो होतो, पठ्ठ्याने टाइप केला तो ताईच्या मेलचा पासवर्ड! म्हणजे इतके महिने तिच्या मेलचा पासवर्ड कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या सर्व्हरवर पडलेला. व्हायरसपेक्षा मला याची जास्त भीती वाटते आणि लेखात याचा एक शब्द नाही.

पासवर्ड त्याच रात्री बदलला. आता भाचा रिअल्म्स मागतोय, कंपनीचाच पैसे भरून मिळणारा सर्व्हर, दहा मित्र घेता येतात. ताई म्हणते तूच नाद लावलास, तूच भर. दिवाळीनंतर बघू म्हटलंय.

आपला,
एक जुना वाचक, कर्वेनगर, पुणे
(नाव छापू नये, ऑफिसात भाऊसाहेब कोणाला माहीत नाही.)