बिलात आपोआप चढणारा सर्व्हिस चार्ज

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात भाचीची मुलाखत लोअर परळला होती. ती लवकर आटोपली आणि भुका लागल्या होत्या, म्हणून काहीही ठरलेले नसताना आम्ही तिघे तिथल्याच एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या नव्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला शिरलो. जेवण उत्तम होते, हे आधी सांगतो. कुरकुरीत बोंबील, तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, सोबत तांदळाची गरम भाकरी. वाढणारा मुलगाही हसतमुख आणि तत्पर. तक्रार आहे ती बिलाची.

बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला होता. तो काढा म्हटल्यावर मॅनेजर म्हणाले, "सर, तो सिस्टिममध्येच येतो. मेन्यूत लिहिलंय." मेन्यू मोबाइलवर कोड स्कॅन करून उघडायचा. त्याच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत ती ओळ सापडली. शेजारच्या टेबलांवरचे लोक बघू लागले, भाची अवघडली आणि आम्ही पैसे भरून बाहेर पडलो. ग्राहक चारचौघांत वाद घालणार नाही, या भरवशावरच ही वसुली चालते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही घ्यायचा नाही, तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचे, असे त्यांत आहे. रेस्टॉरंटचालकांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि सूचना वैध ठरवल्या. संघटनांनी पुढे अपील केले. पण म्हणून ग्राहकाला अंधारात ठेवायची मुभा मिळत नाही.

हिशेबही पाहा. जेवण ३००० रुपयांचे झाले तर १० टक्क्यांनी ३०० रुपये वाढतात. मग ५ टक्के जीएसटी ३३०० वर लागतो. म्हणजे सर्व्हिस चार्जचा खरा बोजा ३१५ रुपयांचा. चार्ज असा बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावू नये, हेही त्याच सूचनांत लिहिले आहे. अनेक ग्राहक तर हा सरकारी कर समजूनच भरतात.

"हे पैसे स्टाफसाठीच असतात," असे चालक सांगतात. आमच्या त्या मुलाच्या हातात त्यातले किती पडले, हे बिलावरून कळायला मार्ग नाही. त्याला मी आनंदाने टीप दिली असती, आणि चार्ज भरूनही दिलीच. कामगारांचा पगार, जागेचे भाडे परवडत नसेल तर पदार्थांचे भाव वाढवा. तो अधिकार तुमचाच आहे. गिरगाव-दादरच्या खानावळींत फळ्यावर लिहिलेला भाव तोच गल्ल्यावर द्यायचा असतो. महागड्या जागी एवढा सरळपणा का नसावा?

बिलातून चार्ज काढायला नकार मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी तक्रार देता येते. हा क्रमांक आणि 'सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे' हे वाक्य प्रत्येक रेस्टॉरंटच्या दारात आणि बिलावर ठळक मराठीत छापण्याची सक्ती राज्य सरकारने करावी. आपल्या दैनिकानेही शहरातल्या रेस्टॉरंटांची बिले तपासून कुठे काय चालते, ते वाचकांपुढे मांडावे, ही विनंती.

– एक वाचक, मुलुंड