पीयूसी आरसीची काढायची की इंजिनाची?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात भंगारातून बनलेली, किक मारून सुरू होणारी छोटी जीप 2021 च्या अखेरीस देशभर गाजली. 'आपणही एक जुळवूया' म्हणणाऱ्यांना कोल्हापूरच्या उद्यमनगरातही तोटा नाही. चेसिस, गिअरबॉक्स, बॉडी यांवर तासन्‌तास चर्चा होते. इंजिन किती सालचे, हा प्रश्न मात्र पीयूसीच्या, म्हणजे धुराच्या तपासणीच्या, दारात गेल्यावर निघतो आणि तोवर ते दाखवायला हातात कागद नसतो.

आधी कायद्याचे. शून्यातून बनवलेल्या गाडीला केंद्रीय मोटार वाहन नियम 126 खालची प्रोटोटाइप चाचणी झाल्याशिवाय नोंदणी मिळत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांतली ही चाचणी एकट्या गाडीसाठी कुणाला परवडणारी नाही. त्यामुळे रस्त्यावरची 'घरची' गाडी म्हणजे बहुधा जुन्या जीपचे किंवा जिप्सीचे आरसी (नोंदणीचा कागद), तिचीच चेसिस आणि आत दुसऱ्याच गाडीचे इंजिन. मूळ नोंदीशी न जुळणारे बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. इंजिन बदलायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते. मंजुरीविना बदलले असेल तर 14 दिवसांत कळवणे बंधनकारक आहे.

आता खरी गोची. पीयूसी केंद्रावर गाडीचा नंबर टाकला की 'वाहन' या सरकारी नोंदणी प्रणालीतून आरसीवरचे साल आणि उत्सर्जन मानक (भारत स्टेज 2, 3, 4 वगैरे) येते, आणि मर्यादा त्यावर ठरते. पेट्रोलच्या चारचाकीसाठी भारत स्टेज 2 च्या आधीच्या गाडीला आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइड 3 टक्के आणि हायड्रोकार्बन 1500 पीपीएमपर्यंत मुभा आहे. स्टेज 2 आणि 3 ला 0.5 टक्के व 750, तर स्टेज 4 ला 0.3 टक्के व 200. बॉनेटखाली काय आहे, हे यात कुठेच येत नाही.

1978 च्या आरसीवर 2006 चे एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारे) इंजिन बसवले, तर ते 2.5 टक्के कार्बन मोनॉक्साइड सोडूनही पास होते. त्या इंजिनात एवढा आकडा म्हणजे सेन्सर, इंजेक्टर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलेला. पण कागद स्वच्छ! उलट 2011 च्या, स्टेज 3 च्या आरसीवर कार्बोरेटरचे जुने इंजिन असेल, तर 0.5 टक्क्यांत ते बसवता बसवता मेस्त्री घामाघूम होतो. पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू आत घेतला की कार्बन मोनॉक्साइड उतरतो. पण एका टप्प्यानंतर मिश्रण इतके पातळ होते की एखादा सिलिंडर पेटायचा राहतो, न जळलेले पेट्रोल सायलेन्सरवाटे बाहेर पडते आणि हायड्रोकार्बन 750 च्या वर उडी मारतो. मग कुणीतरी सायलेन्सरच्या जोडातून हवा शिरू देण्याची युक्ती सुचवतो. ती चोरीच आहे, आणि कार्बन मोनॉक्साइडसोबत कार्बन डायऑक्साइडही पडलेला दिसला की चांगला ऑपरेटर ती ओळखतो.

केवळ साल कळूनही भागत नाही. 1 एप्रिल 2010 ला स्टेज 4 आधी 13 शहरांत आले. त्यांत पुणे होते, सोलापूर होते, कोल्हापूर नव्हते. देशभर ते 1 एप्रिल 2017 पासून लागू झाले. म्हणजे 2012 चे इंजिन कुठल्या पासिंगच्या गाडीतून निघाले, यावर ते स्टेज 3 चे की 4 चे हे ठरते. भंगारवाला 'बाराचं आहे' एवढेच सांगतो, त्यावर विसंबू नये.

पुरावा इंजिन बसवण्याआधी गोळा करावा. ब्लॉक डिझेलने धुऊन तारेच्या ब्रशने हलक्या हाताने साफ करा. ग्राइंडर अजिबात लावू नका; पंचाच्या रेघा उथळ असतात, त्या गेल्या की नंबर खोडल्याचा संशय कायमचा चिकटतो. चेसिस प्रिंट घेतो तसा कागद ठेवून पेन्सिलीने प्रिंट घ्या आणि शेजारी पट्टी धरून फोटो काढा. इथे नेहमीची फसगत अशी, की उठावाचे मोठे आकडे इंजिन नंबर म्हणून लिहून घेतले जातात. तो कास्टिंग नंबर, म्हणजे ब्लॉकच्या साच्याचा नंबर असतो, वर्षानुवर्षे तोच. इंजिन नंबर खोलात, पंचाने मारलेला असतो. विलीज बनावटीच्या एफ-हेड इंजिनात तो वॉटर पंपाजवळच्या उंचवट्यावर सापडतो. जिप्सीत नंबराआधीची अक्षरेच बरेच सांगतात: एफ10ए म्हणजे 970 सीसी, जी13बीए म्हणजे 1298 सीसी कार्बोरेटर, जी13बीबी म्हणजे एमपीएफआय.

कास्टिंगची तारीख वेगळी शोधावी लागते. फोर्डच्या जुन्या ब्लॉकवर '3जे12' अशा अर्थाचा इंग्रजी कोड असेल, तर 3 हा वर्षाचा शेवटचा आकडा, जे म्हणजे सप्टेंबर (आय अक्षर वगळतात) आणि 12 तारीख. साल 1963 की 1973, हे कोड सांगत नाही. ते इंजिनाच्या मॉडेलवरून ठरवावे लागते. ही तारीख फक्त 'याच्या आधीचे नाही' एवढेच सिद्ध करते, कारण ओतलेला ब्लॉक जुळणीला आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जातो. हेडवरची तारीख धरू नका, हेड बदललेले असू शकते. काही इंजिनांत नंबराची जागा हेड गॅस्केटच्याच पातळीत असते. तिथे ब्लॉक फेसिंगला (वरची बाजू घासून सपाट करायला) टाकला की नंबर साफ, म्हणून आधी प्रिंट, मग फेसिंग. आणि 2019 ला बोअर करून बांधलेले इंजिन 2019 चे होत नाही. ओव्हरहॉलचे बिल हा वयाचा पुरावा नव्हे.

कागदांत सर्वांत वजनदार म्हणजे ज्या गाडीतून इंजिन काढले तिच्या आरसीची प्रत आणि इंजिन नंबर लिहिलेले विक्रीचे बिल. आरसी नसेल तर नंबर देऊन उत्पादक कंपनीकडून महिना-वर्षाचे पत्र मागवावे. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) पोर्टलवर तो नंबर चोरीच्या गाडीचा नाही ना, हेही बघून घ्यावे. जनरेटरचे किंवा शेतीपंपाचे इंजिन घेऊन येणाऱ्यांना आम्ही परत पाठवतो. त्याच्या पाटीवर साल स्पष्ट असले तरी वाहनासाठीची मंजुरीच त्याला नसते.

ब्रिटनमध्ये हौशी बांधणीच्या गाड्या भरपूर, म्हणून तिथे हा विषय नियमातच घेतला आहे. 1 सप्टेंबर 2002 पूर्वी वापरात आलेल्या गाडीत दुसरे इंजिन असेल, तर गाडी आणि इंजिन यांतले जे जुने, त्याची मर्यादा लागते. त्यानंतरच्या गाडीला गाडीच्या वयाची. ऑगस्ट 1975 च्या आधीच्यांचा फक्त धूर डोळ्यांनी बघतात, ऑगस्ट 1986 पूर्वीच्यांना कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्के, त्यापुढे जुलै 1992 पर्यंत 3.5 टक्के. इंजिनाचे वय सिद्ध करण्याची जबाबदारी गाडी आणणाऱ्याची.

'जे जुने ते' ही सवलत आपल्याकडे आणू नये, असे आमचे मत आहे. नव्या आरसीवर जुने कार्बोरेटर इंजिन मंजूरच होऊ नये, आणि जुन्या आरसीवर नवे इंजिन असेल तर ते इंजिनाच्या मानकाने तपासावे. त्यासाठी परिवहन विभागाने इंजिन बदलाची नोंद घेताना नंबरासोबत इंजिनाच्या उत्पादनाचा महिना-वर्ष आणि मानक 'वाहन' प्रणालीत भरून घ्यावे, आणि कोणता पुरावा ग्राह्य धरणार याची यादी कोल्हापूर आरटीओत फलकावर लावावी.

आपले,
जुन्या गाड्यांची कामे करणारे काही मेस्त्री,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर